घाबरणाऱ्यांचा इंग्रजीचा तास

सर इंग्रजी शिकवायचे आणि इंग्रजीला घाबरायचे. ही गोष्ट त्यांनी आमच्यापासून कधी लपवली नाही. उलट पहिल्याच तासाला रुमालानं मान पुसत ते म्हणाले, "तुमाले वाटत असंल, याले सगळं येते. येते बी. पण बोलाची पाळी आली का माह्या पोटात गोळा येते. तुमच्या येते का?"

वर्गात कोणी हललं नाही. गोळा सगळ्यांच्याच पोटात होता, पण तो इंग्रजीच्या सरांना सांगायचा असतो हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात ते तासिकेवर होते. कायम नोकरी नाही, दरवर्षी नव्यानं नेमणूक व्हायची आणि दर उन्हाळ्यात ती होईल की नाही याची धाकधूक. आमचा विषय वेळापत्रकात 'संवाद व लेखनकौशल्य' या भारदस्त नावानं यायचा. त्यात ना कविता, ना नाटक, ना तयार नोट्स, म्हणून कायम प्राध्यापकांपैकी कोणी तो घ्यायचे नाहीत. तो सरांच्या गळ्यात पडला होता. वर्गखोली म्हणून जुनी जीवशास्त्राची प्रयोगशाळा मिळाली होती. कपाटात बरण्यांमध्ये पिवळे पडलेले बेडूक आणि साप. सर म्हणायचे, "यायच्यासमोर बोलाची सवय करा. हे हासत नाईत."

मी रोज समुद्रपूरहून एसटीनं यायचे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचता यायचं, पेपरात मार्कही मिळायचे, पण कुणी "व्हॉट इज युवर नेम?" एवढं विचारलं तरी स्वतःचं नाव घशात अडकायचं. नोकरी लागायची तर मुलाखत द्यावी लागणार, मुलाखत इंग्रजीत होणार, या विचारानं मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासूनच पोटदुखी सुरू झाली होती. आई ओवा द्यायची.

सरांच्या तासाची सुरुवात ठरलेली होती. रोज एकानं उभं राहून आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगायचं. वऱ्हाडीत, हिंदीत, ज्यात जमेल त्यात. मग तेच इंग्रजीत, होईल तितक्या कमी शब्दांत. सरांचं एक आवडतं म्हणणं होतं, "खरं बोलाले इंग्रजी कमी लागते. खोटं बोलाचं असंल त मंग लय व्याकरण लागते."

माझी मैत्रीण स्नेहल हिंगणघाटचीच. ती पाठ करून आली होती. उभी राहिली आणि एका श्वासात म्हणाली, "मायसेल्फ स्नेहल, आय अ‍ॅम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल, माय हॉबीज आर रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग."

सरांनी मान खाली घातली, जणू त्यांनाच कुणी रागावलं. मग हळूच विचारलं, "कुठं गेलती तू, ट्रॅव्हलिंगले?"

"कुठंच नाई सर."

"कुठं त गेली असशीन."

स्नेहलनं विचार केला. "गिरडले गेलती. मामासंग. मे महिन्यात."

"कसं वाटलं?"

"ऊन होतं सर लय."

"मंग तसं म्हन. आय वेंट टू गिरड. इट वॉज हॉट."

स्नेहल म्हणाली, "आय वेंट टू गिरड. इट वॉज हॉट." वर्ग हसला, पण सर खूश झाले. म्हणाले, हे पहिलं वाक्य, जे हिच्याशिवाय दुसरं कोणी बोलू शकत नाही. पुढं कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये चहा आला की कुणीतरी म्हणायचंच, इट वॉज हॉट.

सरांना घाम फार यायचा. बॅगेत इस्त्रीचा दुसरा शर्ट घडी करून ठेवलेला असायचा आणि दोन तासांच्या मध्ये ते प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत जाऊन शर्ट बदलून यायचे. प्राचार्यांच्या खोलीबाहेर 'बी कॉन्फिडन्ट!' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पोस्टर होतं. त्याच्यासमोरून जाताना सर झपाझप पावलं उचलायचे. "हे असं कोनी म्हटलं का येनारी हिंमत बी येता येता राह्यते," म्हणायचे.

लेखनाच्या तासाला ते वेगळेच व्हायचे. कागदावर त्यांना भीती वाटत नसे. एकदा त्यांनी मला डेपोला ई-मेल लिहायला सांगितला. आमची सकाळची गाडी इतक्या उशिरा यायची की पहिला तास नेहमी बुडायचा. मी पानभर लिहिलं. 'आय बेग टू स्टेट दॅट' अशी सुरुवात, शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. सरांनी पेन घेतला आणि 'बेग' या शब्दाभोवती गोल काढला.

"बेग म्हंजे काय?"

"भीक मागणं."

"कोनाले भीक मागून राह्यली तू? तिकीट काढते ना?"

पान खोडत खोडत चार ओळींवर आलं. कोणती गाडी, किती वाजताची, रोज किती मुलं अडकतात, काय बदल हवा. मी तो मेल खराखुरा पाठवला आणि नंतर दिवसभर उगाच घाबरून राहिले, की डेपोचा माणूस घरी तर येणार नाही. काही दिवसांनी उत्तर आलं. त्यात एकच शब्द होता, 'नोटेड'. गाडीची वेळ काही बदलली नाही. सरांनी मात्र तो शब्द फळ्यावर लिहून अख्खा तास घेतला. ज्या शब्दानं काहीच कबूल होत नाही तो कसा ओळखायचा, आणि त्याच्यावर आपण पुढं काय लिहायचं. गाडीपेक्षा मला ते जास्त कामी आलं. आज मी इथल्याच एका सूतगिरणीच्या ऑफिसात परदेशातल्या गिऱ्हाइकांचे मेल पाहते. रोज कुणी ना कुणी मला 'नोटेड' लिहितं. मी पुन्हा लिहिते.

फोनची तर सरांना दहशतच होती आणि म्हणूनच ते आम्हाला फोन करायला लावायचे. कंपन्यांच्या ग्राहकसेवेला फोन लावायचा, इंग्रजीचा पर्याय दाबायचा, स्पीकर चालू ठेवायचा आणि खरी तक्रार करायची. माझ्या पाळीला आमच्या घरचं गॅस सिलिंडर वेळेवर येत नव्हतं. मी नंबर लावला. पलीकडची बाई भरभर काहीतरी बोलली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. बेडकांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. सर मागच्या बाकावर दोन्ही कानांत बोटं घालून बसले होते.

मी कशीबशी म्हणाले, "मॅडम, आय अ‍ॅम अफ्रेड. प्लीज स्पीक स्लोली."

मग ती चक्क मराठीत म्हणाली, "अगं ताई, मी लातूरची आहे. मलाही इंग्रजीची भीतीच वाटते. बोल बिनधास्त."

वर्गात हशा पिकला. माझं काम पाच मिनिटांत झालं. सर मात्र खरोखर चिडले. "तिनं मराठीत काऊन बोललं? चांगली बोलून राह्यली होती तू!"

*

तिसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी भीती सांगायची पाळी सरांनी स्वतःकडे घेतली. टेबलाची कड धरून म्हणाले, "नागपूरच्या एका कॉलेजात इंटरव्ह्यू आहे माहा. कायम जागा आहे. एकच. मले भेव वाटून राह्यलं." मग त्यांच्या नियमाप्रमाणे तेच इंग्रजीत सांगितलं आणि धडा सुरू केला. पण आमचं लक्ष धड्यात राहिलं नाही. इतक्या वर्षांनी जाहिरात निघाली होती, पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नव्हता, आणि सरांचे केस कानशिलावर पांढरे झाले होते.

तास संपल्यावर स्नेहल म्हणाली, "सर, आमी घेतो तुमची प्रॅक्टिस."

शनिवारी दुपारी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. वेणा नदीच्या पुलाकडं भाड्याच्या दोन खोल्या, त्यात सर आणि त्यांची आई. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचे ढीग. आई परातीत तूर निवडत बसली होती. आम्हाला पाहून म्हणाली, "या वं पोरीहो. माह्या लेकराले जराशी हिंमत द्या. रात्रंदिवस पुटपुटते."

स्नेहल निवड समितीची अध्यक्ष झाली. सर खुर्चीत बसले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. स्नेहल घसा खाकरून म्हणाली, "टेल अस अबाउट युवरसेल्फ."

सर गप्प.

आम्हाला वाटलं, विचार करत असतील. पण त्यांची नजर स्नेहलच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली होती आणि ओठ नुसते हलत होते. कपाळावर घाम जमला. परातीतल्या तुरीचा आवाज थांबला. आई त्यांच्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलावं, काहीही. शेवटी स्नेहलच रडवेली होऊन म्हणाली, "सर, जाऊ द्या ना, दुसरा प्रश्न विचारतो."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं. मागं एकदा मुलाखतीत हाच प्रश्न आला होता. ते बोलायला लागले तर समितीतल्या एकानं त्यांचा अर्ज उचलून शेजारच्याला दाखवला आणि म्हणाला, 'बापरे, इतकी वर्षं तासिकेवरच?' दोघं हसले. तेव्हापासून तो प्रश्न आला की सरांना ते हसू ऐकू यायचं आणि पुढं शब्द येत नसत. त्यानंतरच्या प्रत्येक मुलाखतीत ते असेच बसून परत आले होते.

त्या दुपारी आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. बाकीच्या सगळ्या प्रश्नांना ते सुरेख उत्तरं द्यायचे. त्या एका प्रश्नाला मात्र नाही.

*

मुलाखतीच्या दिवशी मी नेहमीसारखी कॉलेजला निघाले. समुद्रपूरची गाडी जाम चौरस्त्याला सोडते, तिथून हिंगणघाटची दुसरी गाडी पकडावी लागते. उतरले तर समोर नागपूरच्या थांब्यावर सर उभे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात बॅग. नागपूरची गाडी त्यांच्यासमोर थांबली, कंडक्टरनं हाक दिली, गाडी निघून गेली. सर जागचे हलले नाहीत.

मी रस्ता ओलांडून गेले. "सर?"

ते दचकले. "बस चुकली."

"आत्ता तर गेली. तुमच्यासमोरूनच."

"हो." मग बॅग या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "हिंगणघाटहून बसलोच होतो मी. इथं उतरून गेलो."

मी घड्याळ पाहिलं. पुढची गाडी मिळाली तर वेळेत पोचता येत होतं, तीही गेली तर नाही. सरांना काय सांगायचं असतं हे मला सुचेना. मग तेवढं एकच सुचलं, जे ते रोज आम्हाला विचारायचे.

"सर, भेव कायचं वाटून राह्यलं?"

ते ट्रकांकडे पाहायला लागले. "हासतीन ते," म्हणाले. "आनि मले माह्या मायले सांगा लागन."

मी माझ्या आईला फोन लावला. सर थांब्यावर एकटेच उभे आहेत, त्यांची मुलाखत आहे, मी सोबत नागपूरला जाते, असं जसं होतं तसं सांगितलं. मुलगी, नागपूर, सर, हे सगळं तिच्या डोक्यात फिरत असणार. मग म्हणाली, "त्यायच्या मायले फोन करून सांगजो. आनि पोचली का मले करजो." मी दोन्ही केलं. सरांची आई फोनवर नुसतं "हो वं माय, जाय, जाय," म्हणत राहिली.

गाडी आली. मी सरांना आधी चढवलं आणि खिडकीकडची जागा दिली, म्हणजे पुन्हा उतरायचं झालं तर माझ्यावरून जावं लागलं असतं. बुटीबोरीला गाडी जरा जास्त वेळ थांबली तेव्हा ते अर्धवट उठले. मी पाय आडवा ठेवला. ते बसले. वर्गाबाहेर सरांशी काय बोलतात हे मला माहीत नव्हतं.

त्या कॉलेजच्या व्हरांड्यात उमेदवार ओळीनं खुर्च्यांवर बसले होते, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल. सगळे सरांपेक्षा तरुण. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि गुडघे हलवायला लागले. शेजारी गडचिरोलीकडची एक मुलगी होती, माझ्याहून थोडी मोठी असेल. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती एकदम तोंडावर हात ठेवून मला म्हणाली, "मळमळून राह्यलं ओ. बाथरूम कुठं आहे?"

मी उठायच्या आत सरांनी बॅगेतली पाण्याची बाटली तिच्यापुढं केली. "दोन घोट घ्या. भेव कायचं वाटते?"

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. पुढच्या खुर्चीवरचा उमेदवार मागं वळला.

"पीएच.डी. पूर्ण नाई झाली माही," ती म्हणाली. "तेच विचारतीन. मंग मी घाबरून काईबाई सांगत बसते. घरचं, गाईडचं, सगळंच."

"नोका सांगू. इट इज नॉट कम्प्लीट. आय अ‍ॅम वर्किंग ऑन इट. बस. मंग तोंड बंद. म्हना पाहू."

ती म्हणाली, पण मागं बिकॉज लावून पुढं बोलायला लागली. सरांनी हात वर केला. "बिकॉज नाई. थांबाले शिका. पुन्हा म्हना."

पुन्हा, पुन्हा. त्यांचे गुडघे केव्हा थांबले मला कळलं नाही. आवाजही तो प्रयोगशाळेतला झाला होता. आजूबाजूचे दोघंतिघं फायली मिटून ऐकायला लागले. एकानं मध्येच विचारलं, 'सर, अनुभव कमी आहे म्हणाले तर?' त्यालाही त्यांनी वाक्य दिलं. शिपायानं सरांचं नाव पुकारलं. त्यांनी ऐकलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं, तर सर त्यालाच म्हणाले, "एक मिनिट, यायचं वाक्य होऊ द्या." मग भानावर आले, बॅग माझ्याकडं दिली आणि दार ढकलून आत गेले.

दार बंद झालं. मी बॅगेचा पट्टा मुठीत आवळून बसले. आतून काही ऐकू येईना. नंतर एकदा हसण्याचा आवाज आला. आता सर भिंतीकडे पाहत असतील. ओठ हलत असतील. मी दाराकडं पाहणंच सोडून दिलं.

ते बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. शिपायानं लगेच पुढचं नाव पुकारलं आणि ती मुलगी उठून आत गेली. सर थेट जिन्यानं खाली उतरले. फाटकाबाहेर उसाच्या रसाची गाडी होती, तिथं ग्लास हातात आल्यावर बोलले.

"विचारलं त्यायनं. टेल अस अबाउट युवरसेल्फ."

"मंग?"

"म्हटलं, आय टीच इंग्लिश टू पीपल हू आर अफ्रेड ऑफ इट. आय अ‍ॅम ऑल्सो अफ्रेड. तर हासला ना एक जन."

"ऐकू आलं मले."

"मी थांबलो. त्याचं हासनं संपू देलं. मंग पुढचं बोललो. सगळं बोललो." त्यांनी ग्लास एका दमात रिकामा केला. "सगळं बोललो मी," ते पुन्हा म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांना तोंड उघडं टाकून झोप लागली. मी जामला उतरले तेव्हाही उठवलं नाही. कंडक्टरला तेवढं सांगितलं, यांना हिंगणघाटला उठवा.

*

निकाल लवकर लागेना. आज लागेल, उद्या लागेल. आम्ही दोघी सरांच्या आधी त्या कॉलेजची वेबसाइट उघडून बघायचो. सर रोज शिकवायचे, पण मध्येच खिशातला मोबाईल चाचपायचे. स्नेहलनं तर आधीच ठरवून टाकलं होतं की सरांना निरोपाला काय द्यायचं.

एका सोमवारी तास सुरू असताना माझ्या मोबाईलवर यादी उघडली. सरांचं नाव नव्हतं. जे नाव होतं ते मी ओळखलं. व्हरांड्यात शिपायानं ते पुकारलं तेव्हा गडचिरोलीची ती मुलगी उठून आत गेली होती.

माझा चेहरा पाहून सरांना कळलं. त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला, वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

मी नाव सांगताच स्नेहल उभीच राहिली. व्हरांड्यातली गोष्ट तिला मी सांगितली होती. "सर, तिले काऊन शिकवलं तुमी? तिथंच, त्याच दिवशी? एकच जागा होती ना!"

सरांनी रुमाल काढला, पण पुसलं काही नाही. "ते माह्या ध्यानातच नाई आलं बाई. मले वाटलं, हिले मळमळून राह्यलं."

"आनि आता?"

"आता येऊन राह्यलं ध्यानात," सर म्हणाले.

सर फळ्याकडं वळले, पुन्हा आमच्याकडं वळले आणि नियमाप्रमाणे कमीत कमी शब्दांत म्हणाले, "आय वॉज नॉट सिलेक्टेड. आय अ‍ॅम सॅड. आय विल बी सॅड टिल थर्सडे." मग पुस्तक उघडून त्यांनी उरलेला धडा पूर्ण केला.

त्या आठवड्यात आम्ही सगळे फार शहाण्यासारखे वागलो. कुणी उशिरा आलं नाही, कुणी मागच्या बाकावर बसलं नाही. मंगळवारी सर एक शब्द दोनदा चुकीचा लिहून गेले, आम्ही तो तसाच उतरवून घेतला. गुरुवारी त्यांनी नेहमीसारखं शिकवलं. मी आणि स्नेहल एकमेकींकडे पाहून घेत होतो, की संपलं का.

शुक्रवारी ते वर्गात आले, बॅग ठेवली, आमच्याकडं पाहिलं. डोळे सुजलेले होते.

"आय वॉज राँग अबाउट थर्सडे," ते म्हणाले.

मग खडू उचलून ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, यात 'अबाउट'च्या जागी दुसरं काय चालेल. आम्ही सगळ्यांनी एकदम वह्यांमध्ये माना घातल्या आणि उत्तर शोधायला लागलो, म्हणजे त्यांना मागं वळून डोळे पुसायला वेळ मिळेल.